उद्याचा भरवसा, देवावरचा भरवसा : वाचकांच्या शंका

निकाल, प्रवेश आणि बदल्यांचा मोसम आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : पुढे काय होणार ते दिसत नाही, मग देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं तरी काय? या अंकासाठी सहा पत्रं घेतली आहेत. नावं आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत. वचनांचे संदर्भ दिलेत, ते घरच्या पवित्र शास्त्रात उघडून पाहावेत. नुसत्या आमच्या शब्दावर जाऊ नये.

मुलगा तीन वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बहिणीने त्याला यिर्मया २९:११ ची फ्रेम भेट दिली होती. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडकला. आता त्याने ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. त्याला काय सांगू? — एक आई, अहिल्यानगर

फ्रेम सरळ करायची घाई करू नका. आधी दोघं मिळून अख्खा २९ वा अध्याय वाचा, कारण ते वचन एका पत्रातलं आहे आणि पत्रातली एकच ओळ कापून घेतली की अर्थ हमखास बिघडतो.

इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, राजमाता, सरदार, सुतार, लोहार अशी माणसं उचलून बाबेलला नेली. त्यांना यिर्मया संदेष्ट्याने एलासा आणि गमऱ्या या दोघांच्या हाती हे पत्र पाठवलं. ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ हे वचन ११ वं. त्याच्या आधीचं, १० वं वचन सांगतं की हे सगळं सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस परत जाणार नव्हता. गेली तर त्याची नातवंडं जाणार होती. आणि वचनातलं ‘तुम्ही’ हे एका उमेदवाराला उद्देशून नाही, घरादारापासून तुटलेल्या एका अख्ख्या समाजाला आहे.

त्याच्याही आधी, ५ ते ७ या वचनांत, त्या सत्तर वर्षांत करायचं काय ते दिलंय : घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात अडकलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. फ्रेममध्ये हे कधीच येत नाही. आमच्या मते मुलाला खरी गरज याच तीन वचनांची आहे.

आता २८ वा अध्यायही बघा. हनन्या नावाचा संदेष्टा देवाच्या नावाने सांगत होता की दोनच वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया आधी म्हणाला, “आमेन, परमेश्वर असंच करो.” त्यालाही ते हवंच होतं. पण ते खरं नव्हतं. घरात, प्रार्थनासभेत कुणी मुलाला “पुढच्या वेळी नक्की होणार, मला देवाने दाखवलंय” असं म्हणत असेल तर ते हनन्याचं वाक्य आहे हे ओळखा आणि नम्रपणे थांबवा. पोरं अपयशाने जेवढी खचत नाहीत तेवढी अशा खात्र्यांनी खचतात. मंडळीसमोर निकालाची आधीच साक्ष दिली गेली की नापास होणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, असं त्यांच्या मनात बसतं आणि मग ती उपासनेला यायचीच बंद होतात. प्रार्थनासभेला सांगा : त्याच्यासाठी प्रार्थना करा, निकालाची घोषणा करू नका.

व्यवहाराचं बोलायचं तर त्याच्याबरोबर कागद घेऊन बसा. आणखी किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, पुण्याचा महिन्याचा खर्च किती आणि तो कोण देतंय हे लिहा. त्याबरोबर कोणती दुसरी परीक्षा किंवा नोकरी चालू शकते तेही लिहा. शेवटची तारीख ठरवणं हा अविश्वास नाही. तारीख न ठरवता वर्षं ढकलत राहणं आणि त्याला श्रद्धा म्हणणं, हा घोटाळा आहे.

पतीने आरोग्य विम्याचा हप्ता भरणं थांबवलंय. “आपला देव आहे, विमा काढणं म्हणजे त्याच्यावर संशय,” असं ते म्हणतात. त्याच महिन्यात ऑनलाइन सभा घेणाऱ्या एका प्रचारकाला ‘विश्वासाचं बी’ म्हणून ११,००० रुपये पाठवले. मला मधुमेह आहे. — एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

आधी तातडीचं. वार्षिक हप्ता असेल तर नूतनीकरणाच्या तारखेनंतर साधारण ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्ता असेल तर १५ दिवसांची. त्या मुदतीत भरलं तर पॉलिसी जिवंत राहते, मात्र मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाचा दावा मिळेलच असं धरू नका. मुदत उलटली तर नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, जो ३ वर्षांपर्यंत असू शकतो, तो पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मधुमेह असलेल्या माणसाला हे फार महाग पडतं. हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नका, आज पॉलिसीच्या कागदावरची तारीख बघा. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करून ठेवा; ती सगळ्या रुग्णालयांत आणि सगळ्या उपचारांना लागू नसते.

आता पतींच्या मुद्द्याकडे. त्यांचा आधार बहुधा मत्तय ६:२५-३४ असणार. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला घालतो. पण येशू शेतकऱ्यांना “पेरू नका” असं तिथे सांगत नाही. रात्रंदिवस ‘काय खावं, काय प्यावं’ या घोरात जगू नका, असं सांगतो. येशूच्या शिष्यांच्या मेळ्याकडे पैशांची थैली होती (योहान १२:६). ती सांभाळायला यहूदासारखा नको तो माणूस मिळाला हा भाग वेगळा.

शास्त्रात साठवण्याला दोन्ही बाजूंनी मोजमाप दिलंय. अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न म्हणजे मान्ना, तो रोज माणशी एक ओमर (एक माप). उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी दोन ओमर गोळा करायचा हुकूमही देवाचाच आणि तो राखलेला मान्ना नासत नव्हता (निर्गम १६). योसेफाने सात सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला, तो देवाने स्वप्नातून दिलेल्या इशाऱ्यावरूनच (उत्पत्ती ४१). उलट लूक १२ मधला श्रीमंत माणूस कोठारं मोठी करतो आणि देव त्याला मूर्ख म्हणतो. दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा : योसेफाच्या हिशेबात दुष्काळातले भुकेले लोक आहेत; त्या श्रीमंताच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझं’ याखेरीज कुणी नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरचंच. त्यांच्या शारदा सदन या मुली-विधवांच्या शाळेला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी कबूल केलेली मदत दहा वर्षांची होती. पुढे काय, या प्रश्नावर रमाबाईंनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीनही घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या तेव्हा त्यांना ठेवायला जागा होती ती त्या जमिनीमुळे. रमाबाईंच्या विश्वासावर शंका घेणारा मराठी ख्रिस्ती माणूस अजून आम्हाला भेटलेला नाही.

‘बी’ म्हणून पाठवलेल्या पैशांबद्दल आम्ही थोडं कडक बोलणार आहोत. दान द्यावंच. पण २ करिंथ ८:१२ म्हणतं की दान ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. बायकोच्या औषधाच्या, मुलांच्या फीच्या किंवा हप्त्याच्या पैशातून दिलेलं दान ‘जे नाही’ त्यातलंच. १ तीमथ्य ५:८ घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल काय म्हणतं ते पतींना स्वतः वाचायला द्या. तुम्ही वाचून दाखवलंत तर भांडण होईल. आणि “इतके पाठवा, इतके दिवसांत इतके पट मिळतील” असं सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारता येतो : तुमच्या संस्थेचा लेखापरीक्षण झालेला हिशेब कुठे पाहायला मिळेल?

मी नर्स आहे. सौदीतल्या एका रुग्णालयाची ऑफर आली आहे आणि पंधरा दिवसांत कळवायचंय. आई आजारी असते. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, काही कळलं नाही. डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं तर लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब झाला ते वचन निघालं! याचा अर्थ जावं की राहावं? — वसई

बोट ठेवण्याच्या पद्धतीची हीच पंचाईत. “मागे वळून पाहू नकोस, म्हणजे जा” असंही म्हणता येतं आणि “शहर सोडून निघालेलीचं काय झालं बघ” असंही. जे मनात आधी असतं तेच माणूस त्यातून काढतो. गिदोनाच्या लोकरीचंही (शास्ते ६:३६-४०) तेच होतं. लोक म्हणतात, गिदोनाने खूण मागितली तशी मीही मागते. पण गिदोनाला देवाची इच्छा आधीच स्पष्ट सांगितलेली होती. लोकर मागितली ती धीर नव्हता म्हणून, आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःच “रागावू नकोस” म्हणत मागतो. चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये १ मध्ये आहे, तोही दोन योग्य माणसं निवडून झाल्यावर. पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचं नव्या करारात दिसत नाही.

मग ती मंडळी काय करत होती? कृत्ये १६:६-१० बघा. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई झाली. बिथुनियाकडे जायला निघाला, तेही जमलं नाही. मग त्रोवसला रात्री ‘मासेदोनियात ये’ असा दृष्टान्त झाला. पण दृष्टान्त एकट्या पौलाला झाला आणि निष्कर्ष ‘आम्ही’ काढला. सोबत्यांनी मिळून विचार केला. आणि बरोबर दिशेने गेल्यावर तिथल्या फिलिप्पै शहरात पुढे काय झालं? फटके आणि तुरुंग. सगळं सुरळीत झालं म्हणजेच देवाची इच्छा, हा ठोकताळा तिथेच गळून पडतो.

तुम्ही कॅथलिक आहात, तर संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली निर्णयाची रीत तुमच्या हाताशीच आहे. पंधरा दिवसांत बसेल अशी ती मांडून देतो.

सुरुवात प्रार्थनेने, पण “जाऊ दे” किंवा “राहू दे” अशी नाही. “ज्यात तुझी सेवा अधिक होईल त्याकडे मन झुकू दे, आणि आत्ता ते दोन्ही बाजूंना मोकळं राहू दे” अशी. हे एका दिवसात होत नाही, तीन-चार दिवस द्या. मन आधीच ठरून बसलं असेल तर पुढचं सगळं नाटक होतं. मग एक कागद चार भागांत दुमडा : गेल्याचे फायदे, गेल्याचे तोटे, राहिल्याचे फायदे, राहिल्याचे तोटे. दोनच रकाने करू नका. ‘राहिल्याचे तोटे’ आणि ‘गेल्याचे फायदे’ वरवर एकच वाटतात, पण लिहायला बसलं की वेगळ्या गोष्टी बाहेर येतात. रोज थोडं लिहा आणि शेवटी मुद्दे मोजू नका, तोलून बघा. आईच्या औषधाला पैसे आणि आईजवळ माणूस, या दोन ओळींचं वजन बाकी वीस ओळींहून जास्त असू शकतं.

त्यानंतर दोन कल्पना करायच्या. कधी न भेटलेली एक मुलगी हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली तर तिला काय सांगाल? आणि स्वतःच्या मरणाच्या वेळी मागे पाहताना कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल? दोन्हीची उत्तरं लिहून ठेवा. एक दिवस मनात “जाते” असं धरून सगळी कामं करा, दुसऱ्या दिवशी “राहते” असं धरून. रात्री झोपण्याआधी दोन ओळी : आज आत शांतता होती की तडफड? नुसता आनंद किंवा भीती नव्हे. भीतीच्या तळाशीही कधी शांतता असते आणि आनंदाखाली कधी नुसती पळून जायची घाई.

एक नियम कडक पाळा. मन कोरडं, उदास, प्रार्थनेत अंधार अशा दिवसांत आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. इग्नेशियस यांचा हा सर्वांत उपयोगी सल्ला असून तोच सर्वांत जास्त मोडला जातो. निघायच्या आठवड्यात असं वाटणारच. तेव्हा फादरांशी किंवा समजूतदार मावशीशी बोला, तिकीट रद्द करू नका.

हे चालू असताना कागदपत्रं देवावर सोडायची नाहीत. एजन्सीचं नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का पाहा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. लाखांत मागत असेल तर पंधरा दिवसांचा विचार दोन मिनिटांत संपला. परिचारिकांच्या भरतीचे नियम इतर नोकऱ्यांहून कडक आहेत, त्यामुळे ती एजन्सी परिचारिकांची भरती करायला पात्र आहे का हेही वेगळं विचारा. करारात पगार, ड्युटीचे तास, राहण्याची सोय, वर्षाची रजा आणि परतीचं तिकीट लिहिलेलं हवं. टुरिस्ट व्हिसावर “तिथे गेल्यावर बदलून घेऊ” असं म्हणाले तर नाही म्हणा.

पत्नीच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायला दहा दिवस आहेत. मंडळीतले म्हणतात, शंका तोंडातून काढू नका, बरं झालंय अशी घोषणा करा. मला घोषणा जमत नाही. प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत. रात्री दोनला जाग येते. माझा विश्वास कमी आहे का? — सोलापूर

नाही. गेथशेमाने बागेत येशूने “हा प्याला माझ्यापासून दूर कर” असं म्हटलं, एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली आणि जवळ तीन मित्र बसवले (मार्क १४:३२-४२). त्याने घोषणा केली नाही, विनवणी केली. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. सोबती त्रफिमाला आजारी अवस्थेतच मिलेतात सोडून त्याला पुढे जावं लागलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटासाठी त्याने उपाय सांगितला तो थोड्या द्राक्षारसाचा. या माणसांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोनांत नेमकी मागणी. शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच साच्यात स्वतःचं लिहा, एका पानावर. आधी तक्रार, चारही ‘कोठवर’ आपल्या शब्दांत : रिपोर्ट कोठवर, तिच्यासमोर हसरा चेहरा कोठवर. मग मागणी, गोलमाल नको : “रिपोर्ट चांगला येऊ दे. नाही आला तर डॉक्टरांना नीट सुचू दे, तिला वेदना कमी होऊ देत.” मग भरवशाची ओळ, आणि ती उद्याबद्दल नको. स्तोत्रकर्ता मागच्या दयेवर उभा राहून बोलतो; तुम्हीही घडून गेलेली एक गोष्ट लिहा, ज्यात देव सोबत होता असं तुम्हाला वाटतं. तिसरा भाग लिहायला जमलाच नाही तर दोन भागांवर सही करा आणि ठेवून द्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही.

फिलिप्पै ४:६ मध्ये ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं लिहिणारा पौल स्वतः तुरुंगात होता आणि जगणार की मरणार हे त्याला माहीत नव्हतं. त्याच पत्रात २:२३-२४ बघा : माझं काय होतंय ते कळलं की तीमथ्याला पाठवीन, आणि मीही लवकर येईन असा प्रभूमध्ये भरवसा आहे. बेत दोन्ही बाजूंनी आखलेला. तुम्हीही तसंच करा. रिपोर्ट चांगला आला तर पुढची तपासणी कधी; नाही आला तर कुठल्या डॉक्टरांकडे, दुसरं मत कुणाचं, रजा किती, मुलांना कोण सांभाळेल. हे दिवसा, जेवणानंतर, अर्धा तास ठरवून करा. रात्री दोनला नाही. रात्री तोच कागद उघडायचा नाही, एवढाच नियम. दोनला जाग आली तर स्तोत्र ३१ मधलं ‘माझे दिवस तुझ्या हाती आहेत’ एवढं एक वाक्य श्वासाबरोबर म्हणा. लांब प्रार्थनेचा अट्टहास नको, त्याने झोप आणखी उडते.

पत्नीशी बोला. घोषणांच्या गडबडीत आजारी माणसाला “मला भीती वाटते” असं म्हणायला घरात जागाच उरत नाही. आम्हाला या पद्धतीत सर्वांत जास्त तेच खटकतं. आणि मंडळीतल्या लोकांना काम द्या : दवाखान्यात सोबत, एक वेळचा डबा, मुलांचा अभ्यास. बहुतेक लोक आनंदाने करतात, त्यांना सुचत नसतं इतकंच. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली राहिली तर तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मराठीत बोलता येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाची ना कुणाची भविष्यवाणी येते. घरात राशिभविष्य बंद केलं, पण हे वाचतो. चालेल का? — बेळगाव

राशीच्या जागी वचन चिकटवलं म्हणून ते भविष्य पाहणं थांबत नाही. अनुवाद १८ मध्ये शकुन-मुहूर्ताला मनाई आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटी संदेष्ट्याची कसोटी : बोललं ते घडलं नाही तर त्याला भिऊ नये. तेव्हा तारखा आणि रकमा सांगणाऱ्या संदेशांचे स्क्रीनशॉट सहा महिने ठेवा आणि मग मोजा. आम्ही पैज लावत नाही, पण ग्रुप आपोआप शांत होईल.

खरा संदेशही निर्णय आपल्यासाठी घेत नाही. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाला बांधलं जाईल असं सांगितलं (कृत्ये २१). जा किंवा जाऊ नकोस हे नाही. सोबत्यांनी रडून अडवलं, पौल तरी गेला, आणि ते म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. भीतीचा किंवा पैशाचा संदेश असेल तर पुढे पाठवू नका.

मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, ती खाजगी शाळेत आहे. चार वर्षं ओळख, दोन्ही घरचा होकार. “कायम झाल्यावर लग्न” असं ठरवलं होतं, पण भरती कधी होईल कुणालाच माहीत नाही. थांबणं हा देवावर भरवसा की लग्न करणं हा? — छत्रपती संभाजीनगर

दोन्हींपैकी कशावरही तो शिक्का आपोआप बसत नाही. पहिल्या पत्रातल्या यिर्मयानेच बाबेलमधल्या लोकांना लग्नं करा असं लिहिलं, आणि त्यालाच स्वतःला “लग्न करू नको” अशी आज्ञा होती (यिर्मया १६:२). एकाला मिळालेली आज्ञा दुसऱ्याला जशीच्या तशी चिकटवता येत नाही.

पण ३२ वा अध्याय तुम्हा दोघांनी वाचावा. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातलेला, यिर्मया पहाऱ्यात कैद. चुलतभाऊ हनमेल येऊन म्हणतो, अनाथोथचं शेत विकत घे. शत्रू दारात असताना शेताला काय किंमत? यिर्मया घेतो. १७ शेकेल, म्हणजे आजच्या वजनात सुमारे दोनशे ग्रॅम चांदी, तराजूत तोलून देतो. खरेदीखत दोन प्रतींत, एक मोहरबंद, एक उघडी, साक्षीदारांच्या सह्यांसकट. ती पत्रं यिर्मयाचा लेखनिक बारूख मातीच्या मडक्यात ठेवतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. हे सगळं झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेचा शेवट जवळजवळ गोंधळलेला आहे : शहर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस! आज्ञा पाळून झाली, तरी शंका जाग्यावरच होती. ते शेत त्याला कधी कसायला मिळालं नाही; पुढे त्याला मिसरात नेलं गेलं.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी घ्या. भविष्य स्पष्ट झाल्यावरच पाऊल टाकायचं असतं तर ते शेत विकलं गेलंच नसतं. आणि पाऊल टाकताना त्याने तोलमाप, कागद, साक्षीदार काहीही वगळलं नाही.

तेव्हा तुमचं खरेदीखत लिहा. तासिका तत्त्वावर सुट्ट्यांत मानधन नसतं आणि बिलं बहुधा उशिरा निघतात, हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक. म्हणून वर्षाचं उत्पन्न नऊ महिन्यांचं धरा आणि बाराने भागा. त्यात तिचा पगार मिळवा. तिच्या शाळेत मे महिन्याचा पगार देतात का ते विचारून. समोर भाडं, किराणा, प्रवास, दोन्हीकडच्या आईवडिलांना जाणारे पैसे, चालू कर्जाचे हप्ते. जमा-खर्च जेमतेम जुळत असेल तर लग्न अडण्याचं कारण नोकरी नाही. जुळत नसेल तर किती हजारांनी, हा आकडा लिहा आणि तो भरायचा मार्ग ठरवा : शिकवण्या, भाड्याचं छोटं घर, किंवा आणखी एक वर्ष. मग याकोब ४:१५ प्रमाणे ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणून महिना ठरवा. याकोब तिथे व्यापाऱ्यांना बेत आखू नका असं म्हणत नाही. बढाई मारू नका असं म्हणतो.

बऱ्याचदा अडतं ते संसारासाठी नाही, समारंभासाठी. चारशे माणसांचं जेवण आणि हॉल यांचं कर्ज नव्या घराची पहिली तीन वर्षं खातं. रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा-केकवर लग्न लावायला पाळक नाही म्हणणार नाहीत. दोन्ही घरांना ते पटवण्यासाठी त्यांनाच मध्यस्थ करा. विवाहपूर्व समुपदेशनात पैशाचा हा कागद त्यांच्यासमोर ठेवा, सल्ला मागा. तारीख ठरली की आधी घराच्या अनामतीचे पैसे बाजूला काढा, हॉलचं नंतर बघू.